वाइन-वाचन, बेळगाव सीमाभागातील

वाइनविषयीची पुस्तके रसिकांनी एकत्र बसून वाचणे आणि त्यांवर बोलणे. प्याला समोर असलाच पाहिजे असे नाही. बैठक पुस्तकाची असते. या विषयावरचे मोठे लेखन फ्रेंच-इंग्रजीत आहे, म्हणून बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणी या टापूतील मराठी वाचकाला पान इंग्रजीत उघडावे लागते आणि बोलणे मराठीत होते. सार्वजनिक वाचनालय १८४८ सालापासून असलेल्या बेळगावला पुस्तकाभोवती जमणे नवे नाही.

इथल्या वाचकाचे खरे भांडवल द्राक्षबाग. अथणी, लगतचा विजयपूर जिल्हा आणि पलीकडचे मिरज-तासगाव हा सलग द्राक्षपट्टा आहे. फळ बहुतांशी खाण्याचे आणि बेदाण्याचे. वाइनचे द्राक्ष लहान, जाड सालीचे, बियांचे. तरी वेलीची जाण तीच. युरोपीय ग्रंथांत वेल हिवाळ्यात झोपते आणि छाटणी एकदाच होते. इथे ती झोपत नाही : एप्रिलमध्ये नव्या काड्यांसाठी खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये घडांसाठी फळछाटणी, पीक मात्र एकच. ऋतूंचे प्रकरण वाचताना बैठकीत एखादा बागायतदार असावाच.

फायलोक्सेराचे प्रकरण तर त्याच्याशिवाय अपुरे राहते. मुळांवर जगणारी ही सूक्ष्म कीड अमेरिकेतून आली आणि १८६०च्या दशकापासून फ्रान्सच्या बागा वाळू लागल्या. अखेर ही कीड सोसणाऱ्या अमेरिकन खुंटावर, म्हणजे मुळाकडच्या भागावर, युरोपीय वाणाचे कलम बांधून त्या वाचवल्या. अथणीकडेही थॉम्पसन सीडलेस या बिनबियांच्या वाणाची काडी डॉगरिज खुंटावर बांधतात. हा खुंट मूळचा टेक्सासचा. इथे तो लागतो क्षारपड जमीन आणि पाण्याच्या ताणासाठी. कारण वेगळे, पण कलमाची गाठ तीच.

चवीच्या वर्णनांत पुस्तके ब्लॅककरंट, गूजबेरी अशी फळे सांगतात. ती इथे कोणी चाखलेली नसतात, आणि न चाखलेल्या फळाचे नाव नुसते घोकण्यात अर्थ नाही. जांबोटीच्या रानातले करवंद आणि जांभूळ उपमेला जवळचे. साली-बियांतून वाइनमध्ये उतरणाऱ्या टॅनिनचा तुरटपणा तर सुपारी चघळलेल्या जिभेला समजावून सांगावा लागत नाही.

वाइनमध्ये तिच्या भूमीची खूण उतरते, या कल्पनेला फ्रेंच लेखक ‘तेरवार’ म्हणतात. तिच्यासोबत कौटिलीय अर्थशास्त्रातील सुराध्यक्षाचे, म्हणजे मद्यावरच्या अधिकाऱ्याचे, प्रकरण अवश्य वाचावे. त्यात द्राक्षरसाच्या मद्याला ‘मधु’ म्हटले आहे आणि त्याची कापिशायन, हारहूरक ही नावे ते जिथले त्या देशांवरून पडल्याचे सांगितले आहे.