हलगीत आत्मा असतो का? मराठवाड्यातल्या मंडळ्यांमधल्या एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

डिसेंबर लागला की मराठवाड्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, कॅरलची म्हणजे नाताळच्या गाण्यांची तयारी सुरू होते आणि दरवर्षीचा एक वादही डोकं वर काढतो. तरुण मुलांना नाताळच्या फेरीत हलगी हवी असते. कुणीतरी वडीलधारं म्हणतं, ते देवीपुढचं वाद्य, त्यात आत्मा असतो. संजीवन सभेला, म्हणजे श्रद्धा जागवायच्या मेळाव्याला, बाहेरून आलेला एखादा प्रचारक त्यात भर घालतो की ताला-सुरांतून दुष्टात्मे माणसात शिरतात, तेव्हा हलगी नको, संबळ नको, सिनेमाच्या चालीवरची गाणी तर नकोच. मग मुलं की-बोर्ड आणि पॅडवर भागवतात आणि विषय पुढच्या डिसेंबरपर्यंत बंद होतो.

हा प्रश्न ख्रिस्ती मंडळीला नवा नाही. पहिल्या काही शतकांपासून तो फिरून फिरून विचारला गेला आहे. त्याचा मागोवा घेतला की माझ्या मते एक गोष्ट स्वच्छ दिसते. संगीताला सामर्थ्य आहे हे पवित्र शास्त्राला मान्य आहे, पण ते सामर्थ्य वाद्याच्या लाकडात किंवा कातड्यात वस्तीला असतं असं शास्त्र कुठंही सांगत नाही. लाकडा-कातड्याची भीती माणसांनी आणली आणि बहुतेक वेळा ती परक्यांच्या, नाहीतर खालच्या मानलेल्या लोकांच्या वाद्यांबद्दलच होती.

सुरुवात शौल राजापासून करावी लागते, कारण दोन्ही बाजूंचे लोक तिथंच बोट ठेवतात. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात शौलाला दुष्टात्मा छळतो, दावीद वीणा वाजवतो, शौलाला बरं वाटतं आणि दुष्टात्मा निघून जातो. यावरून कुणी म्हणतं, बघा, संगीतानं दुष्टात्मा जातो. दुसरा म्हणतो, जाऊ शकतो तर येऊही शकतो. पण दोनच अध्याय पुढं वाचावं. तोच शौल, तोच दावीद, तीच वीणा. दावीद रोजच्यासारखा वाजवत बसलेला असतो आणि शौल हातातला भाला फेकून त्याला भिंतीशी खिळायला बघतो. मधल्या काळात बायकांनी नाचत-गात दावीदाची वाहवा केलेली असते आणि ती राजाच्या मनात सलत असते. वीणेत काहीच फरक पडलेला नव्हता. वीणेनंच आत्मा यायचा-जायचा असता, तर अठराव्या अध्यायातही शौल शांत व्हायला हवा होता.

बाकीचे दाखलेही याच बाजूला झुकतात. अलीशा संदेष्टा वादक मागवतो, वादक वाजवू लागतो आणि परमेश्वराचा हात अलीशावर येतो. दानीएलाच्या पुस्तकात नबुखद्नेस्सर राजा शिंग, पावा, वीणा वाजवून लोकांना सोन्याच्या पुतळ्यापुढं लोटांगण घालायला लावतो आणि दीडशेव्या स्तोत्रात त्याच जातीच्या वाद्यांनी परमेश्वराची स्तुती करा असं सांगितलं आहे. आमोसाच्या तोंडून तर देव खुद्द आपल्याच लोकांना सांगतो की तुमच्या गीतांचा गोंगाट माझ्यापुढून दूर करा. तिथं वाद्यं मंदिराचीच होती आणि गाणीही देवाचीच, पण गोरगरिबांवर अन्याय करून लोक गायला बसले होते. लुसिफर म्हणजे सैतान हा स्वर्गातला संगीतप्रमुख होता, म्हणून संगीत हे त्याचं खास हत्यार, असं जे सांगितलं जातं ते यहेज्केलाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायावर बांधलेलं आहे. तो अध्याय सोर नावाच्या नगराच्या राजाला उद्देशून आहे आणि संगीतप्रमुख असं पद त्यात कुणालाही दिलेलं नाही. एवढा मोठा सिद्धांत उभा करायला हा पाया फार तोकडा आहे.

मग भीती आली कुठून? दुसऱ्या शतकाच्या अखेरीस अलेक्झांड्रियाचा ख्रिस्ती शिक्षक क्लेमेंट बासरीला मूर्तिपूजकांचं वाद्य म्हणतो. त्याच्या आजूबाजूला वाद्यं वाजत होती ती रोमी मेजवान्यांत, नाटकांत आणि देवळांत, तेव्हा त्याची काळजी समजण्यासारखी आहे. बिशप ऑगस्टीनची काळजी वेगळी आणि मला ती जास्त प्रामाणिक वाटते. मिलानच्या मंडळीतली गीतं ऐकून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पुढं त्यानं लिहून ठेवलं की गाण्यातल्या वचनापेक्षा गाणंच मला जास्त हलवतं, तेव्हा माझ्याकडून पाप होतं. त्यानं दोष स्वतःच्या मनाला दिला, सुराला दिला नाही, आणि मंडळीत गाणं चालू ठेवावं असाच कौल दिला.

ऑर्गनची गोष्ट तर आपल्याकडं घरोघर सांगितली पाहिजे. ज्या वाद्याशिवाय चर्च ही कल्पनाच करवत नाही, ते ख्रिस्तापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात जन्मलं आणि रोमी साम्राज्यात ग्लॅडिएटरांच्या खेळात वाजायचं. ज्या आखाड्यात माणसं मारली जात, तिथलं ते वाद्य. इ.स. ७५७ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या बादशहानं ते फ्रँक राजा पेपिनला नजराणा म्हणून धाडलं, तेही दरबारी वाद्य म्हणूनच. त्यानंतरच्या शतकांत ते हळूहळू पश्चिमेच्या चर्चमध्ये स्थिरावलं. सोळाव्या शतकात प्रॉटेस्टंट सुधारक ल्यूथरनं संगीताला ईशज्ञानाच्या, म्हणजे धर्मशास्त्राच्या, शेजारचं आसन दिलं, तर झुरिकमध्ये दुसरा सुधारक झ्विंग्लीनं, जो स्वतः उत्तम वादक होता, उपासनेतून ऑर्गन बाहेर काढला. कॅथलिक बाजूला २२ नोव्हेंबर १९०३ रोजी पोप दहावे पायस यांनी लेखी आदेश काढून चर्चमध्ये पियानो, ढोल आणि झांजा वाजवायला मनाई केली. झांजांचं नाव दीडशेव्या स्तोत्रात आहे, तरीही. साठ वर्षांनी, १९६३ साली, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं मिशनच्या देशांमधल्या लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला उपासनेत मान द्यावा असं ठरवलं. १९७७ मध्ये औरंगाबादचा कॅथलिक धर्मप्रांत स्थापन झाला, तोवर मराठी मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) आणि तबला-पेटी रुळू लागली होती.

मराठवाड्याचा धागा जालन्यापासून धरायचा. १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण शेषाद्री १८६० च्या दशकात जालन्याला आले. हा मुलूख तेव्हा निजामाचा. हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळाली आणि जालन्याजवळ बेथेल नावाचं ख्रिस्ती गाव वसलं. तिथं आलेल्यांत मातंग समाजातली कुटुंबं मोठ्या संख्येनं होती. शेषाद्री ज्या मिशनचे होते ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचं. या चर्चमध्ये उपासनेत वाद्य वाजत नसे. स्तोत्रं गायची ती नुसत्या गळ्यानं. या चर्चच्या महासभेनं वाद्यांना परवानगी दिली ती १८८३ साली, तीही मोठ्या वादानंतर. म्हणजे जालन्याचं काम सुरू झालं तेव्हा ज्यांनी आपल्याकडं सुवार्ता आणली त्यांच्या मायदेशी ऑर्गनसुद्धा संशयाखाली होता. आपल्याकडच्या जुन्या मंडळ्यांमध्ये वाद्यांविषयी जी शिस्त आणि जो संकोच आहे, त्यातला काही भाग शास्त्रातून आलेला नसून स्कॉटलंडमधून आला असावा असं मला वाटतं.

१८६० च्याच दशकात शेजारच्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनच्या माणसांनी उलटी वाट धरली. कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. पूर्वरंग, आख्यान, टाळ-मृदंग, सगळा थाट हरिकथेचा आणि कथा येशूची. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी पुढं अभंग आणि भजनं लिहिली आणि आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडं आलो असं सांगितलं. आज ‘उपासना संगीत’ हे मराठी ख्रिस्ती गीतांचं पुस्तक उघडून परभणीत किंवा लातुरात जी गीतं म्हटली जातात, त्यांतली टिळकांची गीतं काढली तर पुस्तक ओकंबोकं होईल. त्या काळीही विचारलं गेलंच असणार की मृदंग तर विठ्ठलापुढचा. पण नामदेवांच्या नर्सीचा आणि एकनाथांच्या पैठणचा हा प्रदेश. इथल्या माणसाला देवाशी बोलायची सवयच टाळाच्या ठेक्यावर लागलेली, आणि टिळकांनी ती ओळखली. (हा वाद एकट्या ख्रिस्ती लोकांचाही नाही. खुलदाबादला ज्यांची दर्गा आहे ते सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब, मृत्यू १३३७, समा म्हणजे भक्तिसंगीत ऐकण्याचे कट्टर पुरस्कर्ते होते आणि त्यांच्या काळातले मुस्लिम धर्मपंडितही त्यावरून भांडत होते.)

पेटीचा प्रवास याच्या उलट दिशेनं झाला. हार्मोनियमचं पेटंट अलेक्झांडर दबेन यांनी पॅरिसमध्ये १८४२ साली घेतलं. मिशनऱ्यांबरोबर ती इथं आली आणि कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी तिला मांडी घालून वाजवता येईल असं हातभात्याचं रूप दिलं. आता पेटीवाचून भजनी मंडळाचं पान हलत नाही. आकाशवाणीनं १९४० पासून बरीच वर्षं तिच्यावर बंदी घातली होती, पण आक्षेप होता तो तिच्या ठरीव सुरांवर. मिशनच्या वाद्यातून देवळात कुठला आत्मा शिरला असं एकाही वारकऱ्यानं विचारल्याचं मी ऐकलेलं नाही. भजनी मंडळाला पेटी चालते, ऑर्गनला आखाड्याचं पाप चिकटत नाही, मृदंगाचा बाप्तिस्मा होऊन शतक उलटलं. मग हलगीच का अडते?

हलगी जवळून पाहिली की कारण कळतं. वाजवण्याआधी काटक्या-पाचोळ्याचा जाळ करून तिचं कातडं शेकतात. ते ताणलं की आवाज खणखणीत होतो. एका हातात बारीक काडी, दुसऱ्यात आखूड जाड टिपरू. बारीक काडीचा चरचर आवाज सतत चालू राहतो आणि टिपरू त्यावर ठोका देतं. दवंडी, वरात, जत्रा, पोतराजाचा फेरा, मयत, सगळीकडं ती लागायची आणि वाजवायचं काम गावगाड्यानं मातंग समाजाच्या माथी मारलेलं. वाजवणारा वरातीच्या पुढं चालायचा आणि जेवायला मांडवाबाहेर बसायचा. ज्या घरांनी ख्रिस्ती होताना हलगी टाकली, त्यांनी दोन गोष्टी एकदम टाकल्या, देवीची चाकरी आणि गावकीची सक्ती. दुसरी टाकण्यात फार मोठी सुटका होती आणि त्या पिढीचा हलगीवरचा राग मी कधीही कमी लेखणार नाही. पण पुढच्या पिढ्यांना सांगताना गावकीचा भाग गळून गेला आणि ‘त्यात आत्मा असतो’ एवढंच उरलं. जातीचा डाग सैतानाच्या नावावर खपला. मृदंग बिनबोभाट आत आला आणि हलगी दारात थांबली, यामागं मला हेच दिसतं.

त्यावर १९८० च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या शिकवणीचा थर चढला. तिकडं रॉक संगीताच्या रेकॉर्डी उलट्या फिरवून सैतानी संदेश शोधायचं वेड होतं, आणि ढोलाचा ठेका आफ्रिकेतल्या भूतपूजेतून आला म्हणून तो अपवित्र असंही सांगितलं जाई. त्यात काळ्या लोकांविषयीचा जुना तिटकारा होता. तीच वाक्यं भाषांतर होऊन आपल्या सभांमध्ये आली आणि आफ्रिकेच्या जागी हलगी बसली.

तरीही एक बाजू अशी आहे जी कुणी हसण्यावारी नेऊ नये. तुळजापूरच्या परिसरात आराध्यांच्या, म्हणजे देवीची गाणी म्हणणाऱ्या भक्तांच्या, मेळ्यात वाढलेली एखादी बहीण मंडळीत येते. वर्षानुवर्षं संबळ वाजला की तिच्या अंगात यायचं. तो ठेका कानावर पडला की आजही तिचे हात थरथरतात, श्वास चढतो. तिच्यासाठी हा तात्त्विक वाद नाही. पौलानं करिंथच्या मंडळीला मूर्तीला दाखवलेल्या मांसाविषयी लिहिलं ते अशाच माणसांसाठी. मूर्ती काहीच नाही, मांस खाल्ल्यानं आपण देवाजवळ किंवा दूर जात नाही, हे तो आधी ठाम सांगतो. आणि लगेच म्हणतो की माझ्या खाण्यानं भाऊ अडखळत असेल तर मी कधीच मांस खाणार नाही. मांसाला दोष न देता त्यानं माणसाला जपलं.

तेव्हा नाताळच्या फेरीत हलगी घ्यायची की नाही, हे पाहुण्या प्रचारकानं ठरवायची गोष्ट नाही. पास्टोरेट कमिटीनं, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांनी, त्या बहिणीला विचारावं, आणि तिला त्रास होत असेल तर त्या वर्षी हलगी घरी ठेवावी. पण ज्याचे आजोबा हलगी वाजवायचे, त्या पोरालाही त्याच बैठकीला बोलवावं आणि हलगी घरी ठेवण्याचं खरं कारण त्याला सांगावं. आजोबांच्या हातात सैतान होता असं ऐकतच तो मंडळीत वाढलेला असतो.