तोंकात्सु-या

तोंकात्सु-या : डुकराच्या मांसाचा जाड तुकडा पावाच्या चुऱ्यात घोळवून भरपूर तेलात तळला की त्याला जपानीत तोंकात्सु म्हणतात. हा तुकडा भात, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची लापशी) घातलेले सूप, लोणचे आणि बारीक चिरलेला कच्चा कोबी यांच्यासह वाढणारी साधी खाणावळ म्हणजे तोंकात्सु-या (‘या’ म्हणजे दुकान). अशा पूर्ण ताटाला ‘तेइशोकु’ अशी संज्ञा आहे.

‘तोन’ हा डुक्कर या अर्थाच्या लिपिचिन्हाचा चिनी वळणाचा उच्चार. ‘कात्सु’ हे ‘कात्सुरेत्सु’चे लघुरूप असून ते ‘कटलेट’वरून आले, कटलेटचे मूळ बरगडीलगतच्या तुकड्याला असलेल्या फ्रेंच नावात आहे. मराठीतील कटलेटही तेच, मात्र आपल्याकडे त्याचा अर्थ कुस्करलेल्या भाजीचा किंवा खिम्याचा चपटा वडा असा झाला. जपानीत तुकडा अखंड राहिला. वरच्या चुऱ्याला ‘पान्को’ म्हणतात. त्यातील ‘पान’ हा सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर जपानात पोहोचलेला शब्द, म्हणजे गोव्याच्या वाटेने मराठीत आलेल्या ‘पाव’चा सख्खा भाऊ. ‘को’ म्हणजे पीठ. ‘कात्सु’चा उच्चार ‘जिंकणे’ या क्रियापदाशी जुळतो, म्हणून परीक्षेच्या किंवा सामन्याच्या आदल्या दिवशी हा पदार्थ आवर्जून खाल्ला जातो.

उगमाविषयी मतभेद आहेत. सम्राट तेन्मु याच्या ६७५ च्या आज्ञेने गाय, घोडा, कुत्रा, माकड व कोंबडी यांचे मांस वर्ज्य ठरले होते. डुक्कर त्या यादीत नव्हते, तरी पुढील शतकांत चतुष्पादांचे मांस एकंदरीतच निषिद्ध मानले गेले. १८७२ मध्ये सम्राट मेइजीने मांस खाल्ल्याचे जाहीर झाले आणि ही अढी सैल होऊ लागली. त्याच वर्षीच्या पाश्चात्त्य पाककृतींच्या एका जपानी पुस्तकात डुकराच्या मांसाचे कटलेट आढळते, पण ते लोण्यावर परतलेले आहे, तळणीतले नव्हे. तळणीचे श्रेय सहसा तोक्यो येथील गिन्झा भागातील ‘रेंगातेइ’ या १८९५ मध्ये निघालेल्या उपाहारगृहाला देतात. तेथे १८९९ च्या सुमारास तेंपुराच्या (पिठात बुडवून तळलेल्या जपानी भज्यांच्या) धर्तीवर, तुकडा बुडेल इतक्या तेलात कटलेट तळू लागले. कच्च्या कोबीची प्रथाही तेथलीच मानतात : रशिया-जपान युद्धात (१९०४–०५) स्वयंपाकघरातील माणसे सैन्यात गेली, शिजवलेल्या भाज्या करायला हात उरले नाहीत, म्हणून कोबी चिरून ठेवला, अशी त्या घराची परंपरा सांगते. दुसरा पक्ष तोक्योतीलच उएनो भागाचा आहे. शाही घराण्याच्या मुदपाकखान्यात पूर्वी काम केलेल्या शिमादा शिंजिरो यांनी ‘पोंचिकेन’ या दुकानात १९२९ च्या सुमारास जाड तुकडा तळून विकायला सुरुवात केली आणि ‘तोंकात्सु’ हे नाव तेथेच रूढ झाले, असे बरेच अभ्यासक धरतात. नावाच्या अग्रहक्काचे दावे उएनो-शिंजुकूतील इतर जुन्या दुकानांकडूनही होतात.

या दोन पक्षांत उएनोचा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. तळण्याचा पहिला मान गिन्झाकडे गेला तरी तेथील पदार्थ काटा-सुरीने, भात सपाट बशीत घेऊन खायचा होता. रेंगातेइत आजही तो तसाच मिळतो. तुकडा स्वयंपाकघरातच पट्ट्यापट्ट्यांनी कापला गेला, ताटात चॉपस्टिक आल्या, शेजारी वाडग्यात भात व मिसो सूप बसले, तेव्हा तोंकात्सु जन्मला. सुरी मेजावरून आत ओट्यावर गेली, हाच खरा फरक.

मांसाचे दोन मुख्य प्रकार आहेत : ‘रोसु’ म्हणजे कडेला चरबीची पट्टी असलेला पाठीचा भाग आणि ‘हिरे’ म्हणजे चरबी जवळजवळ नसलेला मऊ भाग. तळताना तुकडा वाकडा होऊ नये म्हणून चरबी व मांस यांमधील शिरा सुरीने छेदतात. नंतर मीठ-मिरी, मैदा, अंडे व पान्को असा क्रम असतो. चांगल्या दुकानात पान्को ओलसर व भरड असतो. त्यासाठीचा पाव भट्टीत भाजतात, किंवा पिठातून विजेचा प्रवाह सोडून शिजवतात. या दुसऱ्या पद्धतीत पावाला तांबूस कवच धरत नाही. तेल साधारण १६०–१७० अंश सेल्सिअस. जुनी दुकाने डुकराची चरबीच वापरतात. तुकडा बाहेर काढल्यावर काही क्षण तसाच ठेवतात, म्हणजे उरलेल्या उष्णतेने मध्यभाग शिजतो व रस आत राहतो. घाई केल्यास कापताना रस फळीवर सांडतो.

ऑर्डर दिल्यावर बहुधा पंधरा-वीस मिनिटे थांबावे लागते. अनेक दुकानांत तेवढ्यात आतून खाचा असलेला लहान मातीचा खल व लाकडी बत्ता पुढे येतो. गिऱ्हाईक भाजलेले तीळ स्वतः रगडते आणि त्यावर दाट, गोड-आंबट सॉस ओतते. तोक्योतील मेगुरो येथील १९३९ पासूनच्या ‘तोंकी’त गिऱ्हाइकांच्या बाकड्याआड सारे स्वयंपाकघर उघडे असते, त्यामुळे हा वेळ पाहण्यात जातो. तुकडा पुष्कळदा तारेच्या लहान जाळीवर ठेवून आणतात, कारण खालची बाजू वाफेने मऊ पडली तर सारी मेहनत वाया जाते. कापलेल्या पट्टीचा मध्य फिकट गुलाबी व ओलसर दिसतो, आणि दातांखाली कवच मोडते त्या आवाजाला जपानीत ‘साकुसाकु’ म्हणतात. पहिली पट्टी नुसत्या मिठाबरोबर, मग ‘काराशी’ ही झणझणीत मोहरी, मग सॉस असा क्रम जाणकार सुचवतात. सॉस सुरुवातीलाच सगळीकडे ओतू नये. कोबी तोंडातला तेलकटपणा घालवतो. कोबी, भात व सूप हवे तितके पुन्हा वाढण्याची रीत पुष्कळ दुकानांत आहे. त्यासाठी ‘ओकावारी’ एवढा शब्द पुरतो.

नागोया शहरात सॉसऐवजी लालसर-काळ्या मिसोचे दाट कालवण ओततात. अंड्यात शिजवून भातावर घातलेला ‘कात्सुदोन’ आणि करीबरोबरचा ‘कात्सु-कारे’ ही याचीच उपरूपे होत. उएनोतील ‘इसेन’ने १९३५ मध्ये तोंकात्सु मऊ पावाच्या दोन कापांत घालून विकायला सुरुवात केली, जवळच्या गेइशांच्या (नृत्य-गायनाने मनोरंजन करणाऱ्या स्त्रियांच्या) ओठांचा रंग पुसू नये म्हणून त्याचे तुकडे लहान ठेवले, असे सांगतात.