बिगिन आणि इनिट: पर्लची बायनरी केली की फरक पडतो तो इथे

पर्ल या प्रोग्रामिंग भाषेतल्या साध्या स्क्रिप्टमध्ये बिगिन (BEGIN) आणि इनिट (INIT) या खास ब्लॉकची गल्लत झाली तरी बहुतेक वेळा निभावून जातं. दोन्ही ब्लॉक मुख्य प्रोग्रामच्या आधी चालतात, आणि कंपाइल व रन त्याच प्रोसेसमध्ये लागोपाठ होतात. पर्लसीसी (perlcc) या कंपायलरने स्क्रिप्टची बायनरी, म्हणजे थेट चालणारी फाइल, केली की मात्र ही गल्लत महागात पडते.

बिगिनचा शेवटचा महिरपी कंस वाचून झाला की तो ब्लॉक तिथल्या तिथे चालतो. खालची फाइल अजून वाचायचीच असते. मॉड्यूल आणणारं ‘यूज’ हेसुद्धा आतून बिगिनच. इनिट मात्र सगळा प्रोग्राम कंपाइल होऊन चेक (CHECK) ब्लॉक, म्हणजे कंपाइल संपताच चालणारे ब्लॉक, आटोपेपर्यंत थांबतो.

पर्लसीसी नेमकं या दोघांच्या मधे येतं. त्या क्षणीची ऑप-ट्री (कंपाइल झालेल्या प्रोग्रामची रचना) आणि व्हेरिएबलमधल्या किमती ते सी कोडमध्ये उतरवतं. म्हणजे बिगिन हा बायनरी बनवणाऱ्या, म्हणजे बिल्ड मशीनवर एकदाच चालून गेलेला असतो, तर इनिट बायनरी सुरू होईल तेव्हा दर वेळी चालतो.

बिगिनमध्ये एखाद्या पॅकेज व्हेरिएबलला ‘टाइम’ची किंमत दिली, तर स्क्रिप्ट दर वेळी ताजी वेळ दाखवेल. बायनरी मात्र कायम बिल्डच्या वेळेवर अडकून राहील. बिगिनमध्ये उघडलेली फाइल किंवा डेटाबेस कनेक्शन हे त्याहून वाईट, कारण ते बिल्डच्या प्रोसेसबरोबरच संपलेलं असतं. बाहेरच्या जगाशी संबंध येतो ते सगळं इनिटमध्येच हवं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण म्हणून बिगिन रिकामा करत सुटू नका. मॉड्यूल शोधण्याचे मार्ग बदलायचे असतील तर ते पुढचे ‘यूज’ वाचण्याआधीच बदलायला हवेत. एखादा मोठा, न बदलणारा तक्ता तयार करायचा असेल, तर तो बिगिनमध्ये केल्याने बायनरीत आयताच मिळतो.

इनिटचीही एक अडचण आहे. प्रोग्राम चालू असताना ‘रिक्वायर’ने आणलेल्या फाइलमधला इनिट चालतच नाही, वॉर्निंग चालू असतील तर ‘टू लेट टू रन इनिट ब्लॉक’ असं दिसतं. बिगिन तेव्हाही चालतो.

पर्लसीसी 5.10 पासून मूळ पर्लसोबत येत नाही. हल्ली बरेच जण पार (PAR) या पॅकेजिंग साधनातलं पीपी (pp) वापरतात, पण ते सोर्स आणि इंटरप्रिटर एकत्र बांधून देतं, त्यामुळे तिथे बिगिनही वापरणाऱ्याच्या मशीनवर दर वेळी चालतो. कुठला ब्लॉक कधी चालतो हे पाहायचं असेल, तर दोन्हींत एकेक प्रिंट टाकून स्क्रिप्ट ‘मायनस सी’ (-c) या फक्त कंपाइल करून पाहणाऱ्या पर्यायाने तपासा: बिगिनची ओळ छापली जाईल, इनिटची नाही.