जुन्या वास्तूतील हवामान केंद्र (खानदेश)

वाडा, गढी, कचेरी किंवा बंगला अशा मुळात दुसऱ्या कामासाठी बांधलेल्या वास्तूच्या आवारात चालणारे हवामान केंद्र. १८६४ चे कलकत्त्याचे चक्रीवादळ आणि १८६६ व १८७१ मधील अपुरा पाऊस यांनंतर १८७५ मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले. तरी तालुक्याचा पाऊस मोजण्याचे काम मुख्यतः महसूल यंत्रणेकडेच राहिले. खानदेशात शेतसारा, आणेवारी आणि टंचाई यांचे कागद ज्या मामलेदार कचेरीत हलत, तिच्याच अंगणात पर्जन्यमापक असे. १९०६ मध्ये जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. पण नोंद तालुक्यागणिक होत असल्याने जिल्ह्यांच्या या वाटण्यांचा तिला फारसा उपद्रव झाला नाही.

घर निरीक्षकाला आसरा देते, मापनाला मात्र ते अडचणीचेच ठरते. खानदेशातील धाब्याच्या घराचे सपाट छप्पर पर्जन्यमापकासाठी सोयीचे वाटते, परंतु छपराच्या कडेवर वाऱ्याचा वेग वाढून थेंब मापकाच्या तोंडावरून पुढे वाहून जातात. लंडनमध्ये विल्यम हेबर्डन यांनी १७६६-६७ मध्ये जमिनीलगत, घराच्या छपरावर आणि वेस्टमिन्स्टर ॲबीच्या माथ्यावर मापके ठेवली, तेव्हा वर्षाचा पाऊस अनुक्रमे सुमारे २२.६, १८.१ व १२.१ इंच भरला. या घटीचे खरे कारण वारा आहे, हे पुढे १८६१ मध्ये इंग्रज अभ्यासक विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी दाखवले. म्हणून १२७ मिमी व्यासाचे सायमन्स पर्जन्यमापक उघड्या जमिनीवर, तोंड सुमारे ३० सेंमी उंचीवर राहील असे पक्के रोवतात आणि भिंत किंवा झाड त्याच्यापासून स्वतःच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर असावे लागते. चौकाच्या वाड्यात हा नियम पाळणे जवळजवळ अशक्यच. मागचे परसू त्या मानाने बरे.

तापमानाचेही तसेच आहे. जाड मातीच्या भिंतींमुळे वैशाखातही धाब्याखाली गारवा राहतो, त्यामुळे ओसरीवर टांगलेला तापमापक हवेचे नव्हे, घराचे तापमान सांगतो. यासाठी झिलमिल्यांची, दुहेरी छपराची, पांढरी स्टीव्हन्सन पेटी अंगणात चार पायांवर उभी करतात. वाचनाच्या वेळी ऊन आत पडू नये म्हणून तिचे दार उत्तरेकडे असते. आत कमाल, किमान, कोरडा आणि ओला असे चार तापमापक असतात. आर्द्रता काढण्यासाठी ओल्याच्या फुग्यावर गुंडाळलेली भिजती मलमल खानदेशी उन्हाळ्यात लवकर सुकते आणि धुळीने मळते. ती वेळेवर बदलली नाही, तर आर्द्रतेचा आकडा फुगतो.

पाऊस सकाळी ८.३० वाजता मोजपात्रात ओतून वाचतात व मागील २४ तासांचा म्हणून त्याच तारखेला लिहितात; रात्री दहाला कोसळलेली सर त्यामुळे दुसऱ्या दिवसाच्या रकान्यात जाते, आणि गावकऱ्यांची आठवण व नोंदवही यांत एका दिवसाचे अंतर पडते. जुन्या वह्यांत पाऊस इंच व सेंट (इंचाचा शंभरावा भाग) यांत असे. पावसाळी दिवसासाठी आजही धरली जाणारी २.५ मिमीची मर्यादा ही त्या काळच्या दहा सेंटांचीच पूर्णांकित आवृत्ती होय.

आता महसूल मंडळांत स्वयंचलित केंद्रे आली असून रावेर-यावल भागातील केळीचा हवामान आधारित विमा त्यांच्या आकड्यांवर ठरतो. ही केंद्रे जुन्या वहीचा वारसा आपोआप चालवत नाहीत. जागा बदलताना दोन्ही ठिकाणी काही काळ एकाच वेळी नोंद घेतली, तरच जुने व नवे आकडे एका मालिकेत जोडता येतात.