जुनी मोटरसायकल कोणाच्या हाती द्यावी?

(डिचोलीतल्या आमच्या गॅरेजकडून गिऱ्हाइकांसाठी)

चार महिने पडवीत झाकून ठेवलेली बुलेट चतुर्थीच्या तोंडावर बाहेर काढली, किक मारली आणि अंगणभर निळा धूर झाला, तर घाबरू नका. तो धूर बघूनच कोणी ‘पिस्टन गेला, ब्लॉक बोअर करावा लागेल’ (म्हणजे सिलिंडर आतून कापून रुंद करावा लागेल) म्हणालं, तर गाडी त्याच्याकडे ठेवू नका. कास्ट आयर्न इंजिनाच्या जुन्या बुलेटमध्ये ऑइलची टाकी इंजिनाच्याच पोटात, क्रँकच्या (पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याच्या) मागे असते. गाडी फार दिवस उभी राहिली की झिजलेल्या पंपातून ऑइल झिरपत क्रँकखाली साचतं आणि सुरू करताना तेच जळतं. थोडा वेळ इंजिन चालू ठेवलं की पंप ते ओढून परत टाकीत टाकतो, धूर विरतो. नाहीच विरला, तर मग पुढचं बोलू. याच वेळी डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) कोरडी दिसली म्हणून वरून आणखी अर्धा लिटर ओतणारे महाभागही आम्ही पाहिलेत. लेव्हल बघायची ती इंजिन चालवून झाल्यावर.

‘आमच्या गावात कोणाकडे देऊ?’ हे आम्हाला नेहमी विचारलं जातं. पेडण्याहून किंवा काणकोणहून प्रत्येक वेळी डिचोलीला येणं कोणालाच परवडणारं नाही, म्हणून हे पत्रक. गोव्यात जुन्या गाड्या पुष्कळ आहेत. कुठे पायलटाने (मोटरसायकल टॅक्सीवाल्याने) आयुष्यभर राबवलेली पिवळ्या मडगार्डची गाडी, कुठे अजून जुना जीडी (गोवा-दमण-दीवचा) नंबर मिरवणारी आजोबांची जावा. अडचण माणसांची आहे. येझदी बनवणारा म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. यामाहाची आरएक्स १०० सुद्धा त्याच वर्षी थांबली. आज पंचविशीत असलेल्या पोराने या गाड्या शोरूममध्ये कधी पाहिलेल्याच नाहीत. हा काही त्याचा दोष नाही. फक्त त्याने आपल्या गाडीवर हात बसवावा की नाही, हे आपण ठरवायचं.

आधी तो किक कशी मारतो ते बघा. बुलेट कळणारा माणूस धसाधस पाय आपटत नाही. स्विच चालू करून किक हळूहळू दाबतो, नजर अँमीटरच्या (करंट दाखवणाऱ्या) काट्यावर. काटा मध्यावर आला, म्हणजे पॉइंट (ठिणगीचा स्विच) उघडले आणि पिस्टन वर पोचला. मग डिकॉम्प्रेशनचा (सिलिंडरमधला दाब सोडणारा) लिव्हर दाबून किक किंचित पुढे सरकवतो, लिव्हर सोडतो, किक वर घेतो आणि एकदाच पूर्ण मारतो. हे न करणाऱ्याला किक उलटी बसते, पाय सुजतो आणि दोष टायमिंगवर (ठिणगीच्या वेळेवर) जातो. चक्कर मारायला निघाला की पायांकडेही लक्ष ठेवा. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. सवय नसलेला माणूस पहिल्याच वळणावर ब्रेक समजून गिअर दाबतो.

दुसरी खूण टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाची. गरम इंजिन ‘टकटक करतंय’ म्हणून तिथल्या तिथे टॅपेट आवळून देणारे खूप भेटतात. आवाज जातो, गिऱ्हाईक खूश होऊन घरी जातो. पण व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन पडतं, आणि काही महिन्यांत एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. या इंजिनाचे टॅपेट थंड असतानाच लावायचे. पिस्टन कॉम्प्रेशनवर वर आणायचा, मग पुशरॉड (टॅपेटवरची दांडी) दोन बोटांत सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. म्हणूनच आम्ही गाडी रात्रभर ठेवून घेतो. ‘अर्ध्या तासाचं काम, आत्ताच द्या’ असं म्हणू नका, ही विनंती.

पान्यांकडेही लक्ष असू द्या. इंग्रजी गाड्यांवर आणि जुन्या बुलेटच्या बऱ्याच नटांवर मिलिमीटरचा पाना नीट बसत नाही. तो घसरतो आणि नटाचे कोपरे गोल करतो. कोणाच्या गॅरेजमधून आलेल्या गाडीचे सगळे नट गोल दिसले, तर तिथे जायचं नाही.

एक चूक आमचीही सांगतो. साखळी गावच्या एका गिऱ्हाइकाची येझदी तीन-चार किलोमीटर गेली की बंद पडायची, दहा मिनिटांनी आपोआप सुरू व्हायची. आम्ही इग्निशनमधला कंडेन्सर बदलला, कार्बोरेटर साफ केला, पैसे घेतले. गाडी पुन्हा आली. तिसऱ्या वेळी केरीच्या रस्त्यावर ती बंद पडली, तेव्हा पेट्रोल बघायला टाकीचं झाकण उघडलं, तर ‘सुस्स’ करून हवा आत गेली. झाकणाच्या हवेच्या भोकात कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं. एका टाचणीचं काम. कंडेन्सरचे पैसे परत दिले.

इंजिन उघडण्याची वेळ आलीच, तर मेकॅनिकला विचारा: ब्लॉक सध्या कितव्या साइझला आहे (आधी किती वेळा बोअर झालाय), बोअर कोणाच्या लेथवर होणार, मोजून कोण देणार? ब्लॉक ठरावीक वेळाच बोअर करता येतो, नंतर स्लीव्ह (आतली नवी नळी) बसवावा लागतो. आमच्याकडे क्रँकच्या कामाचं मशीन नाही, क्रँक चोर्ला घाट चढून बेळगावला जातो. राजदूत ३५० चा ऑइल पंप आणि इंग्रजी गाडीचा मॅग्नेटो (ठिणगीची वीज बनवणारा भाग) आम्ही हातात घेत नाही. ज्याला येतं त्याच्याकडे पाठवतो आणि तसं आधी सांगतो. काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून परत मिळेल. न मागता मिळेल.

पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. जुन्या गाडीच्या नळाचा कॉर्क, पाइप आणि कार्बोरेटरमधले रबर त्याने खराब होतात. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात हवा कशी असते ते सांगायला नको. गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करा, टाकीत आतून ऑइल फिरवा.

कागदांचं थोडक्यात. गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात असेल, तर २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंद होऊ शकते. पण मग ती रोज बाजाराला नेता येत नाही. रोज फिरवायची असेल तर साधी नोंदणीच बरी, दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून. इंजिन आणि चासी नंबर आरसी बुकाशी जुळल्याशिवाय आम्ही काम सुरू करत नाही.

चतुर्थीआधीचे तीन आठवडे आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसते, म्हणून आषाढातच नंबर लावा. येताना आरसी बुक आणा, आधी कोणी काय बदललं ते आठवून या, आणि कृपा करून गाडी धुऊन आणू नका. ऑइल कुठून गळतं ते धुळीवरच दिसतं.