पार्श्वभूमी : खोडदची शांतता आणि पुणे–नाशिक रेल्वे

पुण्याहून नाशिकला रेल्वेने जायचं म्हटलं की आजही कल्याणचा नाहीतर मनमाडचा वळसा पडतो. चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर असा सरळ मार्ग नकाशावर डोळ्यांना दिसतो. त्यासाठी सुमारे २३५ किलोमीटरच्या निमजलद रेल्वेचा आराखडा तयार झाला होता, काही ठिकाणी भूसंपादनही सुरू झालं होतं. पण पुढे रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी संसदेत सांगितलं की नारायणगावजवळून जाणारा मार्ग तिथल्या खोडद गावातल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या, म्हणजे आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या जीएमआरटीच्या, कामात अडथळा आणेल. मग अहिल्यानगर–शिर्डीकडून जाणारी आखणी पुढे आली आणि जुन्नर, आंबेगाव, संगमनेरमध्ये नाराजी उसळली. दुर्बिणीला रेल्वेचा एवढा काय त्रास, हा तिथल्या माणसाचा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर नीट द्यायचं तर बरंच मागे जावं लागतं.

पावसाळ्यातल्या रात्री मुंबईच्या लोकलकडे लांबून पाहिलंत तर टपावर अधूनमधून निळीपांढरी ठिणगी लखलखताना दिसते. वरची तार आणि तिला घासत जाणारा पेंटोग्राफ यांचा स्पर्श क्षणभर सुटतो, तेव्हा ती उडते. आपल्या डोळ्यांना फक्त उजेड दिसतो, पण त्याच क्षणी त्या ठिणगीतून रेडिओ लहरीही चहूकडे फेकल्या जातात. हाइनरिख हर्ट्झने १८८०च्या दशकात प्रयोगशाळेत पहिल्यांदा रेडिओ लहरी निर्माण केल्या त्या ठिणगीतूनच. घरात मिक्सर लावला की जुना रेडिओ खरखरायचा, तो प्रकार हाच. विजेवरची गाडी म्हणजे २५ हजार व्होल्टच्या तारेखालून धावणारा आणि अशा ठिणग्या उडवत जाणारा प्रक्षेपक. शिवाय गाडीची बिनतारी यंत्रणा आणि डब्यातले शेकडो मोबाईल आहेतच.

या खरखरीशी रेडिओ खगोलशास्त्राचं नातं जन्मापासूनचं आहे. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत कार्ल जान्स्की नावाचा तरुण अभियंता अटलांटिकपारच्या बिनतारी टेलिफोनमध्ये खरखर कुठून येते ते शोधत होता. त्याने फोर्ड मोटारीची चाकं लावलेली, गोल फिरणारी अँटेना उभारली. जवळची वादळं ओळखली, लांबची ओळखली, तरी एक बारीक सुसकारा उरलाच. तो रोज चार मिनिटं लवकर यायचा. रोज चार मिनिटं लवकर उगवतात ते तारे! १९३३ मध्ये जान्स्कीने जाहीर केलं की हा आवाज आपल्या आकाशगंगेतून येतो आहे. मला ही गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी कंटाळा येत नाही. दुरुस्तीच्या कामावर लावलेल्या माणसाला आकाशगंगा सापडली.

भारतात हे शास्त्र आणणारा माणूस म्हणजे गोविंद स्वरूप. उत्तर प्रदेशातल्या ठाकुरद्वाऱ्यात १९२९ साली जन्म, अलाहाबादेत शिक्षण, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत नोकरी आणि १९५३ मध्ये ऑस्ट्रेलियाला प्रशिक्षणासाठी रवानगी. सिडनीजवळ पॉट्स हिल इथे सूर्याचा अभ्यास करणाऱ्या बत्तीस छोट्या डिश होत्या, प्रत्येकी सहा फुटांच्या. त्यांचं काम संपलं आणि त्या मोडीत निघणार असं दिसलं, तेव्हा स्वरूप यांनी त्या भारतासाठी मागून घेतल्या. ऑस्ट्रेलियाने त्या भेट दिल्या. पुढे स्वरूप अमेरिकेत गेले, स्टॅनफर्डमध्ये पीएच.डी. केली. १९६१ मध्ये स्वरूप धरून परदेशातल्या चार भारतीय शास्त्रज्ञांनी मिळून मायदेशी पत्रं पाठवली : आम्हाला परत येऊन रेडिओ खगोलशास्त्राचा गट उभा करायचा आहे. होमी भाभांनी तारेने होकार कळवला. १९६३ मध्ये स्वरूप टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले आणि त्या बत्तीस डिश १९६५ मध्ये उभ्या राहिल्या त्या आपल्या कल्याणला.

कल्याण! रेल्वेचं एवढं मोठं जंक्शन, तिथे देशातली ही पहिली मोठी रेडिओ दुर्बीण. ते जमलं, कारण लक्ष्य होतं सूर्य. रेडिओच्या दृष्टीनेही सूर्य आपल्या आभाळातला मोठ्या गळ्याचा गायक आहे, बाजूला थोडी कुजबुज असली तरी त्याचा सूर कानी पडतोच. लांबच्या दीर्घिकांचं, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या इतर ताराविश्वांचं, तसं नाही. त्यांच्याकडून येणारी ऊर्जा इतकी क्षीण असते की तिच्या मापनासाठी वेगळं एकक करावं लागलं, आणि त्याला जान्स्कीचंच नाव दिलं. आपल्या खिशातला साधा मोबाईल चंद्रावर नेऊन सुरू केला, तर इथल्या रेडिओ दुर्बिणीला तो आकाशातल्या बहुतेक सगळ्या तारे-दीर्घिकांपेक्षा ठळक वाटेल. मग तोच मोबाईल दुर्बिणीपासून पाच-दहा किलोमीटरवर वाजला तर काय होईल, याचा अंदाज येतो.

स्वरूप यांची दुसरी दुर्बीण उटीला झाली, १९७० मध्ये. ५३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, डोंगराच्या उतारावर आडवी टाकलेली. उतार निवडतानाच त्यांनी सगळी हुशारी खर्च केली. उटीचा अक्षांश सुमारे अकरा अंशांचा. तितक्याच कोनात, उत्तर–दक्षिण कललेला डोंगर शोधला म्हणजे दुर्बिणीचा आस आपोआप पृथ्वीच्या आसाला समांतर होतो. मग ती एकाच आसाभोवती वळवत ठेवली की ताऱ्याचा तासन्‌तास पाठलाग करता येतो. परदेशात जे महागड्या यंत्रांनी साधायचे, ते इथे डोंगराकडून करून घेतलं.

खोडदला याच वृत्तीचं मोठं रूप दिसतं. १९८४ च्या सुमारास पंचेचाळीस मीटर व्यासाच्या डिशची कल्पना पुढे आली, अशा तीस. एकेका डिशच्या तोंडाचं क्षेत्रफळ कबड्डीच्या बारा मैदानांएवढं. नेहमीच्या पद्धतीने पत्र्याची घन डिश केली असती तर तिचं वजन आणि वाऱ्याचा रेटा सांभाळण्यातच पैसे संपले असते. इथे आपल्या घरातल्या बाजेसारखी युक्ती वापरली आहे. बाजेला चौकट असते आणि तिच्यावर सुतळी ताणून विणलेली असते. तशा इथे लोखंडी कमानी आहेत, कमानींमध्ये ताणलेले पोलादी दोर आहेत आणि दोरांना बांधलेली बारीक स्टेनलेस स्टीलच्या तारेची जाळी आहे. जाळीची भोकं एक ते दोन सेंटिमीटरची. वारा त्यातून निघून जातो. पण एकवीस सेंटिमीटर किंवा त्याहून लांब लहर आली की तिच्यासाठी तीच जाळी सलग आरसा. चाळणीतून रवा पडतो, शेंगदाणा वरच राहतो, तसं.

डिशखाली उभं राहून मान वर केली की ही जाळी जवळजवळ नाहीशी होते आणि थेट आभाळ दिसतं. इतकी मोठी वस्तू इतकी विरळ असू शकते, यावर पहिल्यांदा विश्वास बसत नाही. बाजूला टोमॅटोचे बांबू लावलेले, पलीकडे द्राक्षाचा मांडव. मग कुठेतरी मोटरचा आवाज होतो आणि डिश सावकाश मान वळवायला लागते. दूरच्या शेतातली दुसरीही त्याच दिशेला वळते, तिच्या पलीकडची तिसरीही. चौदा डिश खोडदला साधारण एक चौरस किलोमीटरच्या मध्यभागात आहेत. उरलेल्या सोळा तीन भुजांवर, प्रत्येक भुजा सुमारे चौदा किलोमीटरची, आसपासच्या गावांच्या शिवारात पसरलेल्या. जमिनीखालच्या ऑप्टिकल फायबरने सगळ्या जोडलेल्या, म्हणून तीस मिळून पंचवीस किलोमीटर पसाऱ्याच्या एका दुर्बिणीसारखं काम होतं.

जागा निवडताना ही शांतताच मोजली होती. वारा कमी, बर्फ नाही, पुण्यातल्या संशोधन केंद्रापासून सुमारे ऐंशी किलोमीटर, म्हणजे ये-जा करण्याजोगं, आणि डोंगररांगांनी शहरांचा रेडिओ गोंगाट बराचसा अडवलेला. अमेरिकेने १९५८ मध्ये ग्रीन बँकच्या दुर्बिणीभोवती सुमारे ३४ हजार चौरस किलोमीटरचा शांत टापू कायद्याने राखला. ऑस्ट्रेलियाने आपल्या नव्या दुर्बिणींसाठी जवळपास निर्मनुष्य माळ निवडला. खोडदची शांतता मात्र नांदत्या गावांतली आहे. इथे बाजार भरतो, लग्नं होतात, ऊस तोडला जातो, आणि या सगळ्यांमधून रेडिओची शांतता राखायची असते. विजेच्या एखाद्या खांबावर तार सैल झाली, तिथे ठिणगी उडत राहिली, तर दुर्बिणीच्या नोंदीत ती दिसते. मग माणसं अँटेना घेऊन तो खांब शोधायला निघतात. जान्स्कीचंच काम, फक्त जुन्नर तालुक्यात.

२००१ मध्ये ही दुर्बीण देशाला अर्पण झाली. पुढे २०१३ ते २०१९ दरम्यान तिची सगळी यंत्रणा नव्याने घडवली आणि ती एकाच वेळी वारंवारतांचा कितीतरी रुंद पट्टा ऐकू लागली. तिने काय ऐकलं, त्यातल्या दोन-तीन गोष्टी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

१९ ऑक्टोबर २०१६. युरोपचं शियापारेल्ली नावाचं यान मंगळावर उतरत होतं. त्याचा काही वॅटचा संदेश कोट्यवधी किलोमीटरवरून थेट ऐकायचं काम खोडदकडे होतं. संदेश ऐकू आला, यान वातावरणात शिरल्यावरही येत राहिला आणि उतरण्याच्या ठरल्या वेळेच्या थोडा आधी थांबला. यान आदळलं होतं. मंगळावरच्या त्या अखेरच्या मिनिटांची नोंद नारायणगावशेजारच्या शेतांमधून झाली.

जून २०२३ मध्ये जगभरातल्या गटांनी एकाच वेळी जाहीर केलं की अतिमंद गुरुत्वीय लहरींची, म्हणजे खुद्द अवकाशालाच ताणत-आकसत जाणाऱ्या लहरींची, गुणगुण विश्वात असल्याचे पुरावे मिळाले आहेत. या लहरींची एक उसळी पुरी व्हायला वर्षंच्या वर्षं लागतात. त्या पकडायला स्पंदक तारे, म्हणजे ठरावीक अंतराने रेडिओ स्पंद पाठवणारे तारे, घड्याळांसारखे वापरले. पण ताऱ्यांमधल्या जागेतले इलेक्ट्रॉन रेडिओ स्पंदांना उशीर करतात, कमी वारंवारतेला जास्तच. तो उशीर बारकाईने मोजायचा तर कमी वारंवारतेवर चांगली ऐकणारी दुर्बीण हवी, आणि ते खोडदचं घर. भारतीय आणि जपानी शास्त्रज्ञांच्या गटाने तिथली मापनं युरोपच्या गटाच्या मापनांबरोबर जोडली.

त्याच वर्षीच्या जानेवारीतली बातमी मला त्याहूनही जवळची वाटते. अरनब चक्रवर्ती आणि निरुपम रॉय यांनी इथल्या नोंदींत एका दीर्घिकेतल्या हायड्रोजनची खूण ओळखली. हायड्रोजनच्या अणूची मूळ लहर एकवीस सेंटिमीटरची. ही निघाली ८८० कोटी वर्षांपूर्वी, तेव्हा पृथ्वी जन्मायलाही चारशे कोटींहून अधिक वर्षं बाकी होती. विश्व प्रसरण पावत गेलं तशी लहरही ताणली गेली आणि इथे पोचली तेव्हा ४८ सेंटिमीटरची झाली होती. वाटेतल्या दुसऱ्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखी मदत करून तिला सुमारे तीसपट ठळक केलं. एवढं होऊनही ती इतकी पुसट होती की शेजारच्या एका ठिणगीने झाकली गेली असती. तिची वारंवारता ६२० मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे माणसांच्या प्रक्षेपणांच्या अगदी गर्दीत.

म्हणून रेल्वेच्या वादात मी दुर्बिणीच्या बाजूने आहे, आणि तेवढ्याच ठामपणे जुन्नर-आंबेगावच्या प्रवाशाच्याही. पंचवीस किलोमीटरभर पसरलेली दुर्बीण उचलून दुसरीकडे नेता येत नाही, आणि अशी मोकळी शांतता पुन्हा कुठे मिळेल याची खात्री नाही. पण चाकणला कामाला जाणाऱ्या पोराला आणि टोमॅटोचे क्रेट लादून पहाटे निघणाऱ्या शेतकऱ्याला, तुमच्या दारावरून गाडी का जात नाही, हे कुणीतरी गावात बसून, नकाशा उलगडून सांगायला हवं होतं. संसदेतल्या उत्तरातून ते त्यांना कळावं, हे बरोबर नाही. बोगदा, आच्छादन, थोडी दूरची आखणी, जो काही पर्याय तपासला त्याची मापनं त्यांच्यासमोर ठेवायला हवीत.

ते करायला जागाही आहे. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञानदिनी, खोडदचं फाटक सगळ्यांना उघडं असतं. एसटीने, टेम्पोने, पायी शाळेची पोरं येतात, पुठ्ठ्याची-थर्माकोलची आपली मॉडेलं मांडतात आणि डिशखाली जाऊन मान दुखेपर्यंत वर बघतात. गोविंद स्वरूप २०२० च्या सप्टेंबरमध्ये गेले. त्यांनी ताणून बांधलेल्या त्या जाळीतून पोरांना आभाळ दिसतं.