महिला कर्लिंग : कनिष्ठ गटातील कारकीर्द

कर्लिंग हा बर्फावरचा सांघिक खेळ. मूठ बसवलेला ग्रॅनाइटचा गोल दगड बर्फाच्या पट्टीवरून घसरवत सोडायचा आणि पलीकडच्या टोकाला आखलेल्या ‘हाऊस’ नावाच्या वर्तुळांच्या मध्याशी नेऊन ठेवायचा, असा तो खेळतात. पट्टी सुमारे ४५ मीटर लांब, हाऊसचा व्यास ३.६६ मीटर आणि दगडाचे, म्हणजे स्टोनचे, वजन १७ ते २० किलो. एका डावाला ‘एंड’ म्हणतात. त्यात प्रत्येक संघ आठ स्टोन सोडतो; मोठ्या स्पर्धांत असे दहा एंड होतात. खेळ मूळचा स्कॉटलंडचा. १५११ हे साल कोरलेला जुना स्टोन तिथे जपून ठेवलेला आहे. या खेळातल्या तरुण महिला खेळाडूची कारकीर्द कशी घडते आणि पुण्यासारख्या ठिकाणी ती घडू शकेल का, याचा विचार या नोंदीत केला आहे.

पुण्यातल्या वाड्यांत आणि मंडळांच्या खोल्यांत कॅरम खेळलेल्या माणसाला कर्लिंग समजायला फार वेळ लागत नाही. समोरच्याची सोंगटी उडवायची की आपली आडवी घालून त्याची वाट अडवायची, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच. पावसाळ्यात बोर्ड जड होतो, पावडर टाकली की पळायला लागतो आणि हात त्याप्रमाणे बदलावा लागतो. कर्लिंगचा बर्फही असाच लहरी. सामन्याआधी त्यावर पाण्याचे बारीक थेंब शिंपडून गोठवतात. या दाणेदार थराला ‘पेबल’ म्हणतात. खेळ पुढे सरकतो तसे दाणे झिजतात आणि पहिल्या एंडला पुरलेला जोर सहाव्या एंडला चुकतो. मात्र कॅरममध्ये स्ट्रायकर सुटला की आपल्या हातात काही उरत नाही, इथे स्टोन सुटल्यावरच खरी धावपळ सुरू होते. दोघीजणी ब्रश घेऊन त्याच्या पुढे बर्फ घासत धावतात. घासल्याने पृष्ठभाग क्षणभर तापतो, घर्षण कमी होते, स्टोन लांब जातो आणि कमी वळतो. सोडताना मूठ किंचित फिरवलेली असते म्हणून तो वळतो. तो नेमका कशामुळे वळतो, यावर मात्र भौतिकशास्त्रज्ञ अजून वाद घालत आहेत.

संघात चौघी असतात : लीड, सेकंड, थर्ड आणि स्किप. प्रत्येकीच्या वाट्याला दोन स्टोन. लीड पहिले दोन सोडते आणि नंतर बहुतेक वेळ ब्रश चालवते. स्किप पलीकडच्या हाऊसमध्ये उभी राहून निशाणा दाखवते, ओरडून सूचना देते आणि शेवटचे दोन स्टोन सहसा स्वतः सोडते. एंडमधला अखेरचा स्टोन ज्या संघाकडे असतो त्याच्याकडे ‘हॅमर’ आहे असे म्हणतात. ही नावे भारतीय वाचकाला अगदीच परकी नाहीत. २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत लॉन बोल्समध्ये, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवण्याच्या खेळात, सुवर्ण मिळवणाऱ्या लव्हली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि रूपाराणी तिर्की यांच्या संघातही जागांची नावे हीच होती.

मुली बहुधा शाळकरी वयात हलक्या स्टोनवर सुरुवात करतात. घरात आई किंवा वडील कर्लिंग खेळणारे असणे ही या खेळात नेहमीची गोष्ट आहे. पुढची पायरी राष्ट्रीय कनिष्ठ स्पर्धा, तिच्यावर जागतिक कनिष्ठ स्पर्धा. ही २१ वर्षांखालील खेळाडूंची स्पर्धा मुलींसाठी १९८८ मध्ये सुरू झाली. मुलांची त्याआधी १३ वर्षे चालू होती. महिलांची खुली जागतिक स्पर्धा १९७९ पासूनची आणि ऑलिंपिकमध्ये महिला कर्लिंग आले ते १९९८ मध्ये, नागानोला. वयोगट संपला की अडचण सुरू होते. कनिष्ठ संघातल्या चौघी एकाच क्लबच्या, एकाच शाळेच्या असतात. विशीनंतर एक शिकायला परगावी जाते, दुसरी नोकरीला लागते आणि संघ मोडतो. पैशाचे पाठबळही बेताचेच. २०२२च्या ऑलिंपिक विजेत्या ब्रिटिश संघातली व्हिकी राइट ही पेशाने परिचारिका होती.

या वाटेचा सर्वांत ठळक नमुना म्हणजे स्कॉटलंडची ईव्ह म्युरहेड. जन्म १९९०, पर्थ; वडील गॉर्डन स्वतः जागतिक दर्जाचे कर्लिंगपटू आणि मेंढपाळीचा व्यवसाय असलेले शेतकरी. तिने २००७, २००८, २००९ आणि २०११ अशी चार वेळा जागतिक कनिष्ठ विजेतेपदे मिळवली. मधल्या काळात, १९ व्या वर्षी, ती व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये ब्रिटनची स्किप होती. तिथे संघाला उपांत्य फेरी गाठता आली नाही. २०१३ मध्ये ती जगज्जेती झाली, २०१४ मध्ये सोचीला कांस्य मिळाले. २०१८ मध्ये प्योंगचांगला कांस्यपदकाच्या सामन्यात तिचा अखेरचा स्टोन चुकला आणि जपान ५-३ ने जिंकला. त्याच वर्षी कमरेच्या सांध्याची शस्त्रक्रिया झाली. २०२१च्या जागतिक स्पर्धेतून ऑलिंपिकची पात्रताही हुकली. ही पात्रता अखेर डिसेंबरमध्ये नेदरलँड्समधल्या लेउवार्डेनच्या पात्रता स्पर्धेत मिळाली आणि दोन महिन्यांनी, २०२२ मध्ये, बीजिंगच्या अंतिम सामन्यात तिच्या संघाने जपानला १०-३ असे हरवले. त्याच वर्षी ती निवृत्त झाली, वय ३२. चार कनिष्ठ विजेतेपदांच्या यादीकडे पाहून ही कारकीर्द सरळ चढत गेली असे वाटते, पण पहिल्या ऑलिंपिकपासून सुवर्णापर्यंत मध्ये बारा वर्षे गेली.

दुसरे उदाहरण पुण्याच्या दृष्टीने अधिक बोलके. दक्षिण कोरियातले उइसोंग हे लसणाच्या शेतीसाठी प्रसिद्ध असलेले छोटे गाव. २००६ मध्ये तिथे कर्लिंगचे केंद्र उभे राहिले. किम उन-जोंग ही शाळकरी मुलगी तिथे खेळायला लागली आणि तिने मैत्रीण किम यंग-मी हिला ओढले. यंग-मीची धाकटी बहीण क्यंग-ए ताईची विसरलेली वस्तू द्यायला केंद्रावर आली आणि तिथेच रमली. मग तिने वर्गातल्या फळ्यावर ‘कर्लिंगला कोण येते?’ अशा अर्थाची ओळ लिहिली, तेव्हा सन-यंग पुढे आली. चौघींचेही आडनाव किम. याच मुलींनी २०१८च्या ऑलिंपिकमध्ये साखळीत नऊपैकी आठ सामने जिंकले, उपांत्य सामन्यात जपानला हरवले आणि रौप्य मिळवले. ‘यंग-मीऽऽ’ ही स्किप उन-जोंगची आरोळी देशभर गाजली. पाठोपाठ कडवट भागही आला. त्याच वर्षी खेळाडूंनी आपल्या प्रशिक्षकांविरुद्ध छळाची आणि बक्षिसाच्या पैशांतल्या गैरव्यवहाराची जाहीर तक्रार केली आणि सरकारी चौकशीत ती बहुतांशी खरी ठरली. संघ टिकला, २०२२ मध्ये जागतिक स्पर्धेत रौप्यही मिळाले.

मिश्र दुहेरी २०१८ मध्ये ऑलिंपिकमध्ये आली आणि तरुण मुलींना आणखी एक दार उघडले, कारण इथे चौघींची मोट बांधावी लागत नाही. इटलीच्या स्तेफानिया कोन्स्तान्तिनीने २०२२ मध्ये २२ व्या वर्षी आमोस मोसानेरसोबत एकही सामना न हरता सुवर्ण जिंकले.

पुण्याचा ऑलिंपिकशी संबंध जुना : १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी धावपटू पाठवण्याची कल्पना डेक्कन जिमखान्याच्या मैदानावरच्या स्पर्धांतून निघाली. बॅडमिंटनचे एक जुने नावही ‘पूना’. बर्फाचे मात्र काही जमलेले नाही. जानेवारी १९३५ मध्ये पुण्याचा पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता, शून्याला तो तेव्हाही शिवला नाही. म्हणजे पट्टी कृत्रिमच हवी आणि स्केटिंगची चालत नाही : स्केटच्या पात्यांनी चरे पडलेला, किंचित उंचसखल बर्फ कर्लिंगला निरुपयोगी. पृष्ठभाग उणे पाच अंशांच्या आसपास आणि पाण्यासारखा समपातळीत ठेवावा लागतो. पुण्यात एप्रिल-मे महिन्यात त्यासाठी येणाऱ्या वीजबिलाची कल्पना कोणीही करावी. शाळांच्या हॉलमध्ये लाकडी किंवा फरशीच्या जमिनीवर चाकांचे स्टोन वापरून खेळण्याचा ‘फ्लोअर कर्लिंग’ हा प्रकार परदेशांत रुळलेला आहे. त्यात डावपेच शिकता येतात, ब्रश आणि बर्फाची जाण नाही.

उष्ण देशांनी यावर दुसरा तोडगा काढला. फेब्रुवारी २०२५ मध्ये हार्बिनच्या आशियाई हिवाळी स्पर्धेत फिलिपिन्सच्या पुरुष संघाने दक्षिण कोरियाला ५-३ ने हरवून सुवर्ण मिळवले. त्या देशाचे या स्पर्धेतले ते पहिलेच पदक. संघातले मुख्य खेळाडू स्वित्झर्लंडमध्ये वाढलेले आणि तिथल्याच बर्फावर तयार झालेले होते.